कागदावरची लढाई आणि शेतातली हाडं : 'जृ शांग थान बिंग' या चिनी वाक्प्रचारामागचं गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या वाक्प्रचाराचा अर्थ काय?

चार अक्षरं आहेत. जृ म्हणजे कागद, शांग म्हणजे वर, थान म्हणजे बोलणं आणि बिंग म्हणजे सैन्य किंवा युद्ध. एकत्र वाचलं की 'कागदावर युद्धाच्या गोष्टी करणं'. एखाद्याने विषय पुस्तकातून घोटलेला असतो, वादात तो कुणाला ऐकत नाही, पण प्रत्यक्ष कामाला हात लावायची वेळ आली की सगळं कोसळतं. अशा माणसाला आणि अशा योजनेला चीनमध्ये हे शब्द लावतात.

अशा चार अक्षरी वाक्प्रचारांना चिनीत 'छंगयू' म्हणतात. त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात एकेक गोष्ट दडलेली असते आणि ती माहीत नसेल तर नुसत्या शब्दांवरून अर्थ लागत नाही. इथे अर्थ लागतो. पण गोष्ट कळली की हे शब्द पूर्वीसारखे सहज तोंडातून निघत नाहीत.

ही गोष्ट घडली कुठे?

त्या काळी छांगपिंग म्हणत त्या खोऱ्यात. आज हा भाग शान्शी प्रांताच्या आग्नेय टोकाला, गाओपिंग शहराच्या परिसरात येतो. दान नावाची नदी खोऱ्यातून वाहते आणि पूर्वेला थायहांग पर्वताची भिंत उभी आहे. त्या भिंतीपलीकडे, सरळ रेषेत दीडशेहून थोड्या अधिक किलोमीटरांवर, हानदान हे झाओ राज्याच्या राजधानीचं शहर. गोष्टीतला राजा, त्याचा दरबार आणि दरबारातल्या वावड्या हानदानमध्ये. मेलेली माणसं छांगपिंगमध्ये. दोन्हींच्या मध्ये डोंगर होता, हे लक्षात ठेवा. पुढे सारं रसदीवर येऊन ठेपतं.

साल इ.स.पू. २६०. चीन तेव्हा एक देश नव्हता, सात मोठी राज्यं एकमेकांशी झुंजत होती. पश्चिमेचं छिन राज्य सर्वांत आक्रमक होतं आणि त्याला रोखू शकेल असं बळ प्रामुख्याने झाओकडे उरलं होतं.

इ.स.पू. २६० मध्ये कागद होता का?

नव्हता, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. तेव्हा बांबूच्या पट्ट्यांवर आणि रेशमी कापडावर लिहीत. कागद बनवण्याची सुधारलेली रीत त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने इ.स. १०५ मध्ये सम्राटापुढे ठेवली. त्याआधीच्या कागदाचे काही तुकडे सापडले आहेत, पण तेही या लढाईनंतरचेच आहेत.

म्हणजे हा वाक्प्रचार घटनेच्या काळातला असूच शकत नाही. सीमा छ्येन या इतिहासकाराने लढाईनंतर सुमारे दीडशे वर्षांनी सगळी हकिगत लिहिली, तिच्यातही ही चार अक्षरं नाहीत. ती खूप उशिरा रूढ झाली. अठराव्या शतकातल्या 'लाल महालाचे स्वप्न' या कादंबरीत ती येतात, पण तिथे विषय युद्धाचा नसून कवितेचा आहे. तोवर शब्द गावापासून सुटून मोकळे झाले होते.

सीमा छ्येनकडे मात्र याहून सुंदर उपमा आहे. त्या काळी 'से' नावाचं तंतुवाद्य होतं. त्याच्या प्रत्येक तारेखाली एक छोटी घोडी असायची आणि ती मागेपुढे सरकवून सूर लावायचा. लिन श्यांगरू हा मंत्री राजाला म्हणाला, की या माणसाला सेनापती करणं म्हणजे घोड्या सरसाने चिकटवून वाद्य वाजवणं आहे. तंबोऱ्याचे मणी डिंकाने चिकटवून टाका आणि मग कुठल्याही पट्टीतल्या गायकाला साथ करायला बसा, तसं. तो फक्त वडिलांची पुस्तकं वाचू शकतो, प्रसंग बदलला की आपण बदलायचं हे त्याला ठाऊक नाही, असं लिनचं म्हणणं होतं. ही उपमाही पुढे चार अक्षरी वाक्प्रचार झाली.

'हा माणूस' म्हणजे कोण?

झाओ क्वो. वडील झाओ शे हे झाओ राज्याचे नामवंत सेनापती. छिनच्या फौजेला हरवण्याचा पराक्रम त्यांच्या नावावर होता. मुलाने लहानपणापासून युद्धशास्त्र वाचलं होतं. बापलेकांची चर्चा व्हायची, तीत बाप हरायचा आणि तरीही मुलाचं कौतुक करायचा नाही. बायकोने कारण विचारलं. झाओ शे म्हणाला, युद्ध म्हणजे मरणाची जागा, आणि क्वो त्याविषयी सहज बोलतो. झाओ राज्याने त्याला सेनापती केलं तर राज्याचं सैन्य बुडवणारा तोच असेल.

युद्ध कशावरून पेटलं?

आयत्या मुलखावरून. इ.स.पू. २६२ मध्ये छिनने हान राज्याचं येवांग हे ठाणं घेतलं, त्यामुळे हानचा उत्तरेकडचा शांगदांग प्रांत राजधानीपासून तुटला. हानच्या राजाने तो छिनला देऊन टाकायचं ठरवलं. प्रांताचा सुभेदार फंग थिंग याला ते पटलं नाही. त्याने शांगदांगची १७ नगरं झाओला देऊ केली. हिशेब उघड होता: झाओने मुलूख घेतला की छिन झाओवर चालून जाणार, आणि मग झाओ आणि हान एक होणार.

झाओच्या दरबारात दोन तट पडले. राजाचा एक काका म्हणाला, कारणाशिवाय चालून आलेला लाभ शहाणी माणसं संकट मानतात. दुसरा म्हणाला, एक माणूस न गमावता १७ नगरं मिळतात, घ्यावीत. राजाने दुसऱ्याचं ऐकलं. माझ्या मते छांगपिंगचा पराभव इथे सुरू होतो, आणि या क्षणी झाओ क्वोचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

आधीच्या सेनापतीला का काढलं?

आधी ल्येन पो हा जुनाजाणता सेनापती छांगपिंगला होता. सुरुवातीच्या चकमकींत तो हरला, माणसंही गमावली. मग त्याने तटबंदी उभारली आणि लढाईला बाहेर पडायचंच नाही असं ठरवलं. छिनची रसद लांबून येत होती. ती थकेपर्यंत तग धरायचा बेत होता. छिनचे लोक रोज आव्हान देत आणि ल्येन पो जागचा हलत नसे. हानदानमध्ये राजा चिडला होता. इतकी माणसं मेली, इतकी पळाली, आणि हा भिंतीआड बसून आहे!

छिनचा मंत्री फान स्वे याने हे हेरलं. हजार सुवर्ण खर्चून त्याने हानदानमध्ये वावडी पसरवली: ल्येन पो आता शरण जाणारच आहे, छिनला खरी भीती आहे ती झाओ शेच्या मुलाची. राजाने ल्येन पोला परत बोलावलं आणि क्वोला पाठवलं. लिन श्यांगरूने विरोध केला, क्वोच्या आईनेही केला. तिच्याविषयी शेवटी लिहिलं आहे.

प्रत्यक्ष रणात काय झालं?

क्वोने आल्याबरोबर ल्येन पोची सगळी शिस्त बदलली, अधिकारीही बदलले. त्याच सुमारास छिननेही सेनापती बदलला होता, पण गुपचूप. वांग ह याच्या जागी बाय छी आला. ही बातमी फोडेल त्याचा शिरच्छेद, असा हुकूम निघाला होता. बाय छी हा त्या काळचा सर्वांत भयंकर सेनापती; इ.स.पू. २७८ मध्ये त्याने छू राज्याची राजधानी जिंकली होती. क्वोला वाटत होतं की आपली गाठ वांग हशी आहे.

क्वो चालून गेला. छिनची फौज हरल्याचं सोंग करून मागे सरली. तो पाठलाग करत थेट छिनच्या तटापर्यंत पोचला आणि तट काही फुटेना. तेवढ्यात छिनच्या २५,००० सैनिकांनी मागून वाट तोडली आणि ५,००० घोडेस्वार झाओच्या छावणीच्या मध्ये घुसले. सैन्याचे दोन तुकडे पडले, रसद बंद झाली. क्वोने आहे तिथेच तट उभारले आणि मदतीची वाट पाहत बसला.

छिनचा राजा स्वतः जवळच्या हनेई प्रांतात आला, प्रजेला एकेक पायरी वरचा दर्जा वाटला आणि १५ वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना छांगपिंगला धाडलं, झाओकडे येणारी मदत आणि धान्य अडवायला. झाओने शेजारच्या छी राज्याकडे धान्य मागितलं. ओठ गेले की दातांना थंडी वाजते, आज झाओ बुडालं तर उद्या आपली पाळी, असं छीच्या राजाला सांगणारा सल्लागार होता. राजाने ऐकलं नाही, धान्य दिलं नाही.

४६ दिवस सैन्याला अन्न मिळालं नाही. छावणीत माणसं माणसांना चोरून मारून खाऊ लागली, असं सीमा छ्येन लिहितो. क्वोने सैन्याच्या चार तुकड्या करून चार-पाच वेळा वेढा फोडायचा प्रयत्न केला. शेवटी निवडक माणसं घेऊन तो स्वतः पुढे झाला आणि बाणांनी मारला गेला. उरलेलं सैन्य शरण आलं.

शरण आलेल्यांचं काय झालं?

बाय छीने त्यांना फसवून मारलं. इतक्या माणसांना खायला घालणं अवघड, सोडलं तर पुन्हा उठतील, असा त्याचा विचार होता. फक्त २४० कोवळ्या वयाच्या मुलांना झाओला परत पाठवलं. त्यांच्या तोंडून बातमी पोचली आणि सारा झाओ हादरला.

मारलेल्यांचा आकडा खरंच ४ लाख होता?

सीमा छ्येन शरण आलेले ४ लाख आणि एकूण बळी ४ लाख ५० हजार सांगतो. आजच्या अनेक अभ्यासकांना हा आकडा फुगवलेला वाटतो, कारण एवढं सैन्य एका खोऱ्यात पोसणं त्या काळच्या कुठल्याही राज्याला जड गेलं असतं. मलाही ते म्हणणं पटतं. पण आकडा निम्म्याने किंवा पाव करूनही मन हलकं होत नाही. पानिपतानंतर आलेल्या पत्रात मोत्यांचा आणि मोहरांचा हिशेब होता, पण खुर्द्याची गणतीच नव्हती, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. छांगपिंगचे बहुतेक लोक तो खुर्दा होते. शेतकऱ्यांची मुलं.

पुरावा काही सापडला आहे का?

हो. १९९५ मध्ये गाओपिंगजवळच्या योंगलू गावात शेतात हाडं निघाली आणि पुरातत्त्वज्ञांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुमारे १३० माणसांचे सांगाडे निघाले, सगळे पुरुषांचे. ते कसेही एकमेकांवर टाकलेले होते. काहींना डोकं नव्हतं, काहींच्या हाडांवर शस्त्रांचे घाव होते, बाणाची टोकंही मिळाली. सोबत कमरपट्ट्याचे आकडे आणि नाणी होती.

'जिवंत गाडलं' ही समजूत यामुळे बदलली. मूळ मजकुरात वापरलेल्या 'खंग' या शब्दाचा अर्थ खड्डा, खड्ड्यात घालणं. पिढ्यान्‌पिढ्या तो 'जिवंत पुरणं' असा वाचला गेला. हाडं सांगतात की त्यांतल्या बहुतेकांना आधी मारलं आणि मग खड्ड्यात टाकलं. या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना मात्र नांगरताना हाडं आणि बाणाग्रं मिळणं नवं नव्हतं.

मग झाओ क्वो खरंच नुसता पुस्तकी होता?

या पानावर मला सर्वांत जास्त याच प्रश्नाविषयी बोलायचं आहे.

त्याच्या चुका उघड आहेत. समोर कोण आहे याची खातरजमा न करता तो निघाला. पळणाऱ्या शत्रूच्या मागे लागताना पाठ सांभाळली नाही. ल्येन पोचे अनुभवी अधिकारी बदलले.

आता दुसरी बाजू पाहा. त्याला पाठवलंच होतं चढाई करायला. राजाला भिंतीआडचं बसणं नको होतं. क्वोही तिथेच बसून राहिला असता तर त्यालाही परत बोलावलं असतं. धान्य त्याच्या येण्याआधीच टंचाईत होतं, आणि एवढी फौज वर्षानुवर्षं डोंगरापलीकडे पोसणं झाओला झेपत नव्हतं. ल्येन पोचा बेत शहाणपणाचा होता, पण त्यासाठी लागणारं कोठार कुठे होतं? आणि अन्नाविना ४६ दिवस कोंडलेलं सैन्य सेनापती मरेपर्यंत फुटलं नाही, हे नुसत्या पोपटपंचीवर होत नाही. पुढे बाय छी स्वतः छिनच्या राजाला सांगतो, की छांगपिंग आपण जिंकलं खरं, पण आपलेही निम्म्याहून अधिक सैनिक मेले आणि देश रिकामा झाला. हा विजेत्याच्या तोंडचा दाखला आहे.

वाक्प्रचाराने हे सगळं पुसलं. आयता मुलूख घेणारा राजा, वावडीवर विश्वास ठेवणारा दरबार, धान्य न देणारा शेजारी, कुणीच त्या चार अक्षरांत नाही. आहे तो एक तरुण आणि त्याचा कागद, जो त्याच्याकडे कधी नव्हताच. भाऊसाहेबांच्या एकट्याच्या माथ्यावर पानिपत मारणारी चर्चा आपण ऐकली आहे. उपाशी फौज, तुटलेली रसद, वेळेवर न आलेली मदत हे सारं बाजूला पडतं आणि एका माणसाचा स्वभाव उरतो. म्हणून मराठी वाचकाला झाओ क्वोची बाजू समजायला फार कष्ट पडू नयेत असं मला वाटतं.

बाय छीचं पुढे काय झालं?

छिनने झाओची राजधानी हानदान वेढली, पण ती पडली नाही. दुसऱ्या राज्यांची मदत आली आणि छिनला माघार घ्यावी लागली. बाय छीने या मोहिमेचं नेतृत्व नाकारलं होतं. ही जिंकण्याची वेळ नाही, असं तो सांगत राहिला. राजा संतापला. इ.स.पू. २५७ मध्ये त्याला तलवार पाठवून आत्महत्येचा हुकूम दिला. मरताना त्याने आधी विचारलं, मी असा काय अपराध केला? मग बऱ्याच वेळाने म्हणाला, मला मेलंच पाहिजे. छांगपिंगला शरण आलेल्या लाखोंना मी फसवून मारलं, तेवढं पुरेसं आहे.

गाओपिंगचे लोक हे सगळं विसरले का?

तिथे टोफू भाजून खातात. त्याला 'बाय छीचं मांस' म्हणतात. सोबत सोयाबीनचा चोथा, आलं आणि लसूण यांचं वाटण असतं, तो त्याचा मेंदू. बावीसशेहून अधिक वर्षं उलटली तरी रस्त्यावरच्या खाण्यात हा राग शिल्लक आहे. मला हे कुठल्याही स्मारकापेक्षा मोठं वाटतं, कारण हे कुणी वरून हुकूम काढून करायला लावलेलं नाही.

गावांच्या नावांतही लढाई आहे. मीशान म्हणजे तांदळाचा डोंगर, दालियांगशान म्हणजे धान्याचा मोठा डोंगर. ल्येन पोने तिथे धान्याचे ढीग रचल्याच्या गोष्टी सांगतात. वेइछंग म्हणजे वेढलेलं ठाणं. गुकोउ गावाजवळच्या दरीला पूर्वी 'हत्येची दरी' म्हणत. आठव्या शतकात थांग वंशाचा सम्राट श्वेनझोंग इथून जाताना उघडी पडलेली हाडं पाहून हळहळला, त्याने ती गोळा करून देऊळ बांधवलं आणि दरीचं नाव बदललं, अशी तिथली परंपरा आहे. त्या देवळाला लोक कवट्यांचं देऊळ म्हणतात. तिथे झाओ क्वोचीही मूर्ती आहे. भाषेने ज्याची फजिती केली त्याला त्या मातीने देवळात बसवलं.

मराठीत याला काय म्हणावं?

नेमका जोड शब्द नाही. 'कागदी घोडे नाचवणं' जवळचं वाटतं, पण त्यात कचेरीतला पत्रव्यवहार आणि वेळकाढूपणा आहे. 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' मध्ये मुळात काही नसतंच. झाओ क्वोकडे अभ्यास होता. 'पोथीपंडित' त्यातल्या त्यात बरं. अनुवाद करताना मी प्रसंग पाहून 'कागदावरची लढाई' असं सरळ लिहीन. वाचकाला ते कळतं.

उलट बाजूने पाहिलं तर 'पानिपत होणं' हा आपला छांगपिंग आहे. तिथे आपण गावाचं नाव ठेवलं, चिनी भाषेने गाव गाळून माणसाचा दोष ठेवला.

आज हे शब्द कुठे वापरतात?

सगळीकडे. नुसत्या सादरीकरणावर उभी असलेली कंपनीची योजना, फुटबॉलवर बोलणारा पण कधी न खेळलेला समीक्षक, शेत न पाहिलेला शेती सल्लागार. स्वतःविषयी नम्रपणेही वापरतात: 'माझं आपलं कागदावरचं बोलणं आहे, तुम्ही प्रत्यक्ष केलंय.' दुसऱ्याला तोंडावर म्हटलं तर ते झोंबतं, सांभाळून.

तिथे जाता येतं का?

येतं. झेंगझौ ते थायुआन या जलद रेल्वेमार्गावर गाओपिंग पूर्व हे स्थानक आहे. हा मार्ग डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण सुरू झाला. योंगलू आणि गुकोउ ही गावं शहरापासून फार लांब नाहीत.

झाओ क्वोच्या आईने राजाला काय लिहिलं होतं?

मुलगा निघायच्या आधी तिने राजाला पत्र पाठवलं: त्याला पाठवू नका. राजाने बोलावून कारण विचारलं. ती म्हणाली, याचे वडील सेनापती होते तेव्हा राजाकडून मिळालेलं सगळं सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना वाटून टाकत. हुकूम मिळाला त्या दिवसापासून घरच्या गोष्टी विचारत नसत. हा सेनापती झाला आणि पूर्वेकडे तोंड करून मानाच्या आसनावर बसला, तर त्याच्याकडे मान वर करून पाहायची कुणाची हिंमत होत नाही. तुम्ही दिलेलं सोनं आणि रेशीम तो घरात ठेवतो आणि स्वस्तातली जमीन, स्वस्तातली घरं रोज शोधत असतो. बाप आणि मुलगा एक नाहीत.

यात पुस्तकांचा उल्लेखही नाही. आईला दिसलेला दोष वाचनाचा नव्हता. आपल्या माणसांशी तो कसा वागतो, हा तिच्या काळजीचा विषय होता.

राजा म्हणाला, ठरलं ते ठरलं. तेव्हा तिने एकच मागणं मागितलं: तो अपयशी ठरला तर त्याच्या अपराधात मला ओढू नका. त्या काळी सेनापतीच्या चुकीसाठी सगळं घर मारलं जाई. राजाने शब्द दिला आणि छांगपिंगनंतर तो पाळला. तिचं नाव मात्र सीमा छ्येनने नोंदवलेलं नाही. तो तिला फक्त क्वोची आई म्हणतो.